थकबाकीदार

मी थकबाकीदार आहे. हे मी म्हणत नाही, आमची ग्रामपंचायत म्हणते. लेखी म्हणते, गोल शिक्का मारून. 2021-22 ते 2024-25 अशी चार सालं. घरपट्टी वर्षाला 310, दिवाबत्ती 40, आरोग्य कर 40, पाणीपट्टी 1,080. वर्षाचे 1,470, चार वर्षांचे 5,880. दंड वेगळा. नाव माझ्या बापाचं. बाप 2021 सालीच गेला, पण मागणीच्या वहीत तो अजून जिवंत आहे. कागदावरचा माणूस मारायला वारसनोंद लागते, आणि वारसनोंदीला आधी घरपट्टीची पावती मागतात. म्हणजे माझा बाप पैसे भरल्याशिवाय मरू शकत नाही. पत्त्यात वस्तीचं नाव जुनंच. सरकारनं 2020 साली जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, ते आमच्या वहीपर्यंत पोचायचंय.

नोटीस आली तेव्हा मी इचलकरंजीत होतो. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर साइडर आहे, तीन पाळ्या फिरत्या. आईनं फोन केला. म्हणाली, "कोर्टाचा कागूद आलाय. बाबाच्या नावानं. मला धरून न्हेत्यात का काय रं?" कागदावर 'राष्ट्रीय लोक अदालत' असं छापलेलं होतं. अदालत एवढा एकच शब्द तिला वाचता आला. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाचा रुपाया बुडवला नाही, ती दोन दिवस जेवली नाही.

ही लोक अदालत काय असते ते आपल्या पोरांनी वस्तीवस्तीत समजावून सांगायला पाहिजे. 1987 च्या कायद्याखालची ती तडजोडीची बैठक आहे. ग्रामपंचायती आपली थकबाकी तिथं दाखलपूर्व प्रकरण म्हणून नेतात. दोघं राजी झाले तरच तिथं निकाल होतो. कुणी कुणाला धरून नेत नाही. आपण जाऊन 'एकदम ऐपत नाही, हप्ते पाडून द्या' म्हणू शकतो. पण कागदावर हे असं सोप्या भाषेत कुणी छापत नाही. अदालत हा शब्द मात्र जाड टायपात असतो. आईचं दोन दिवसांचं जेवण कुठल्या वहीत थकबाकी म्हणून लावायचं?

आता खरा सवाल. आमच्या मित्रांच्या बैठकीत तो निघाला आणि रात्री दोनपर्यंत चालला. आपण ही घरपट्टी द्यायची का? म्हणजे खिशात आहेत की नाहीत हा सवाल नव्हे. आपण ती देणं *लागतो* का?

एक मित्र तावातावानं बोलला. "वस्तीतला खांबावरचा दिवा तीन वर्षं बंद. दिवाबत्तीचे 40 कशाचे? पाणी सगळ्या गावाला सकाळी, आपल्याला दुपारी, ते पण धार करंगळीएवढी. आरोग्य कर घेतात, गटार कुणी काढली? आपणच. मग आपण उलट बिल पाठवू. हजारो वर्षांचं. गावानं फुकट राबवून घेतलं त्याचं." सगळे हसले, टाळ्या पडल्या. मीपण वाजवली. कविता म्हणून झकास आहे. मी तशी एक लिहिलीपण होती, 'गावाला बिल' म्हणून. फाडून टाकली. का फाडली तेच सांगायला हा लेख लिहितोय.

माझा पणजोबा वेसकर होता. सारा भरायच्या दिवसांत गावात कुळांना चावडीवर बोलवायचं काम त्याचं. काठी आपटत दारोदार जायचा. दारात नव्हे, दारासमोर, लांब उभा राहून हाळी द्यायचा. वसूल जमला की रकमेच्या पिशव्या तालुक्याला पोचवायच्या, त्यापण त्याच्याच डोक्यावर. गावाचा सगळा पैसा त्यानं डोक्यावर वाहिला, आणि त्याच गावाच्या पाणवठ्याला त्याला शिवता येत नव्हतं. वतन 1959 साली कायद्यानं गेलं. आज बाकीचा कागद उलटा आमच्या दारात येतो. पणजोबाच्या हाळीला जे होतं त्याला आज डिमांड म्हणतात.

आणि तो कागद घेऊन कोण आला माहीत आहे? माझा चुलतभाऊ. ग्रामपंचायतीचा शिपाई. आपल्याच वस्तीतला. आईच्या हातात नोटीस देताना त्यानं मान खाली घातली. मी गावी गेल्यावर त्याला पारावर गाठलं. म्हणलं, "दादा, तुला दुसरं काम न्हाई का, चुलतीच्या दारात नोटीस चिकटवायला?" तो शांतपणे बोलला. "माझा पगार वसुलीवर हाय. टक्का भरला न्हाई की पगार अडकतो. चार म्हैनं झालं. तू भर, न्हाईतर भरू नको. पर मला बोलू नको."

पगाराला वसुलीची अट लावू नका, ही ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांची जुनी मागणी आहे. मोर्चे झाले, आंदोलनं झाली. म्हणजे बघा दोस्तहो, आम्ही बहिष्कार घालणार सरपंचावर आणि उपाशी राहणार माझा चुलतभाऊ. पणजोबाला काठी दिली होती, त्याला स्टेपलर दिलाय. टाळी वाजवलेला माझा हात तिथं पारावर खिशात गेला.

त्या बैठकीत थोरोचं नाव निघालं होतं. मीच काढलं होतं, वाचनालयातून पुस्तक आणून नुकतंच वाचलं होतं. अमेरिकेतला हा माणूस. गुलामी चालवणाऱ्या आणि मेक्सिकोवर लढाई लादणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणाला आणि 1846 साली एक रात्र तुरुंगात बसला. मोठा माणूस, शंका नाही. त्या रात्रीतून जो निबंध निघाला तो जगभर गेला. पण एक गोष्ट मला सोडत नाही. दुसऱ्या दिवशी तो सुटला, कारण कुणीतरी त्याच्यातर्फे कर भरून टाकला. त्याला भरणारं माणूस होतं. त्याचं न भरणं हे त्याचं *मत* ठरलं. आपण भरला नाही तर ते मत ठरत नाही. ते 'यांचं नेहमीचंच' ठरतं. सवलती खातात, घरकुलं खातात आणि पट्टी बुडवतात. तोच कागद, तीच बाकी. एकाच्या दारात ती तत्त्व होते, दुसऱ्याच्या दारात फुकटेपणा. आधी आपल्याला माणूस म्हणून मोजलं असेल, तरच आपला नकार नकार म्हणून मोजला जातो. नाहीतर तो नुसता खाडा.

आणखी एक हिशोब सांगतो. माझ्या पगारातून गिरणी दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापते. फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. त्याची नोटीस येत नाही, कारण विचारतच नाहीत, हातात पडायच्या आधीच जातात. साबणाला कर, बिस्किटाला कर, मोबाइलच्या रिचार्जला कर. इचलकरंजीत ज्या खोलीत आम्ही चौघं राहतो तिचा घरफाळा (इकडं घरफाळा म्हणतात, आमच्या तिकडं घरपट्टी) घरमालक आमच्याच भाड्यातून भरतो. म्हणजे मी सकाळी उठल्यापासून कर भरत असतो. तरी थकबाकीदार मीच. कारण बाकीचे सगळे कर गुपचूप कापले जातात, आणि हा एकच असा आहे की तो मी हातानं नेऊन द्यायचा असतो. म्हणून दिसतो.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात त्यांचं म्हणणं हेच होतं. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पोरांवर. फुल्यांनी कर देऊ नका म्हणलं नाही. पैसा कुणाचा आणि गेला कुणीकडं, हे विचारलं. हा साधा सवाल विचारायला आपण अजून घाबरतो. आपल्याला वाटतं, आपण देणारे नाही, घेणारे आहोत. शाळेपासून हेच कानावर आदळतंय.

आणि बाबासाहेब. आपण त्यांचा कोट बघतो, बोट बघतो. त्यांचा कोलंबियाचा पीएच.डी.चा प्रबंध कशावर होता? ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या सरकारी जमाखर्चावर. 1925 साली त्याचं पुस्तक निघालं. म्हणजे तळ्यावर जायच्या आधी ह्या माणसानं सरकारच्या वह्या चाळल्या होत्या. बोल्यांचा 1923 चा ठराव काय सांगत होता? सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे. महाड नगरपालिकेनं 1924 साली आपल्या तळ्याबद्दल तसा ठराव केला, आणि तो नुसता कागदावर राहिला. 1927 च्या मार्चात बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले आणि पाणी प्याले. लगेच ऑगस्टात नगरपालिकेनं ठराव मागे घेतला. मग कोर्ट. हायकोर्टाचा निकाल 1937 साली. दहा वर्षं. बाजू आपली.

ह्यातून मी असा तर्क लावला की, सार्वजनिक पैसा म्हणजे आपलापण पैसा. म्हणून पावती हातात पाहिजे. पावती म्हणजे तळ्याचा परवाना. बापपण असंच म्हणायचा. एप्रिल उजाडला की पहिला जाऊन भरायचा. पत्र्याच्या ट्रंकेत त्याच्या पावत्या तारखेवार लावलेल्या आहेत, 1994 पासूनच्या. "कुणी म्हणायला नगं, बौद्धांनी बुडवलं," म्हणायचा.

मी हे बैठकीत मांडलं. तेव्हा कोपऱ्यातला एक मित्र, जो कधी बोलत नाही, तो बोलला. त्याचं घर गायरानात. पत्र्याचं, नमुना आठला नोंद नाही. "माझ्याकडं पावती न्हाई. मला घरपट्टीच लावत न्हाईत, मागितली तरी. मग मी तळ्यावर यायचं का नाय?"

सगळे गप्प. मीपण.

त्याचं बरोबर होतं. आणि माझा तर्क कुठं सडका होता ते त्या एका वाक्यानं उघडं पडलं. पावती दाखवून पाणी प्यायचं असेल तर ज्याच्याकडं पावती नाही तो नवा अस्पृश्य झाला, आणि तो आपणच केला. महाडला बाबासाहेब पावत्या घेऊन गेले नव्हते. आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे सिद्ध करायला गेले होते. माणूसपणाला नमुना आठ लागत नाही. बापाची ती ट्रंक, तो तारखेवार गठ्ठा, त्यात प्रामाणिकपणा होता तेवढीच भीतीपण होती. कुणी काय म्हणेल ही भीती. सवर्ण शेतकरी पट्टी थकवून मिशीला पीळ देत फिरतो आणि माझा बाप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रांगेत उभा. ह्याला मी स्वाभिमान म्हणायचो. आज पूर्ण तसं म्हणवत नाही. (बापाविषयी हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहितो.)

आणि ज्यांच्या घराला पट्टी लागते तेपण फसलेत. गायरानातल्या घराला ग्रामपंचायतीनं कर लावला की लोकांना वाटतं जागा आपली झाली. होत नाही. नमुना आठचा उतारा हा मालकीचा पुरावा नाही, कोर्टं हे परत परत सांगत आलीत. पट्टी घेतात आणि अतिक्रमण म्हणून काढायलापण येतात. हेपण वस्तीत सांगा.

मग द्यायची कशाला? हक्क पट्टीवर अवलंबून नाही, तर पट्टी कशावर अवलंबून आहे?

इथं मला माझ्या चुलतीची गोष्ट सांगितली पाहिजे. जानेवारी 2021 च्या निवडणुकीत ती राखीव जागेवर सदस्य झाली. चुलता वारल्यावर घर तिच्या नावावर. सभेत ती बोलायची. वस्तीच्या निधीचं काय झालं, असं पहिल्याच वर्षी विचारलं. 2023 साली तिच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्याकडं अर्ज गेला. ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14, पोटकलम 1, खंड ह. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्य अपात्र. बाकी होती 940 रुपयांची. ती म्हणाली, बिल मला मिळालंच नाही. वहीत पोच होती. पोचेवर अंगठा होता. माझी चुलती चौथी शिकलेली आहे. ती सही करते. तिनं सही करून दाखवली. उपयोग झाला नाही. जागा गेली.

आता त्या खंडातले शब्द नीट वाचा. नुसती बाकी असून भागत नाही, मागणीचं बिल *रीतसर बजावलेलं* पाहिजे. कायद्यानं हे चांगल्यासाठीच ठेवलंय, की कुणाला न कळवता बाहेर काढू नये. पण ह्याच चांगल्या शब्दाची दुसरी बाजू बघा. ज्याला बिलच बजावलं नाही, त्याचे तीन महिने सुरूच होत नाहीत. त्याची बाकी हजारात असो. तो सदस्य राहतो, सरपंच होतो. म्हणजे बाकी किती आहे हा मुद्दाच नाही. कागद कुणाच्या दारात जातो हा मुद्दा आहे. गावात कुणाकुणाला बिलं बजावली असं मी चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, "मोठ्या घरांचं माझ्या तोंडातनं वदवून घिऊ नको. आणि माझं नाव कुठं नगं." म्हणून ते मी इथं लिहीत नाही. आणि गावाचं नावपण लिहिलेलं नाही.

तेव्हा मला समजलं की मी चुकीच्या जागी उभा राहून विचार करत होतो. द्यायचं की नाही, असं मी एकटा नोटिशीकडं बघत विचारत होतो. नोटीस माणसाला एकटं पाडते. तुझं नाव, तुझी बाकी, तुझा दंड. पण कर ही एकट्याची गोष्टच नाही. सगळ्यांची वही उघडल्याशिवाय माझ्या एका पानाला अर्थ नाही.

ग्रामपंचायतीला आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. हे उत्पन्न म्हणजे काय, तर घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची फी असलंच. आम्ही बहिष्कार घातला तर ते पंधरा टक्के आधी घटणार. आणि भरून गप्प बसलो तर ते पंधरा टक्के सरपंचाच्या मांडवात खुर्च्या होऊन बसणार. दोन्हीकडून आपणच. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं की, सनदशीर मार्ग मोकळे झालेत, आता असहकार आणि कायदेभंग सोडा. आपल्यातल्या पुष्कळांना हे भाषण अडचणीचं वाटतं. मलापण वाटायचं. वाटायचं, कागद त्यांच्या हातात, शिक्का त्यांचा, सनदशीर मार्गानं काय उपटणार? पण त्याच भाषणात त्यांनी हेपण सांगितलं की राजकारणात एका माणसाला एक मत आणि समाजात विषमता, हा विरोध लवकर मिटवला नाही तर ही इमारतच उडेल. म्हणजे 'गप्प भरा' असं त्यात नाही. मार्ग मोकळा आहे म्हणायचा असेल तर त्यावरून कुणीतरी चाललं पाहिजे.

मी काय केलं ते सांगतो. ते बरोबरच आहे असं माझं म्हणणं नाही, बैठकीत दोघांनी मला नरम पडला म्हणलंय.

मार्चाच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी टाकून गेलो. 2,000 रुपये भरले. पाणीपट्टीत जमा घ्या म्हणलं, कारण नळ आधी तोडतात. पावती बापाच्या नावानं न घेता वारस म्हणून आईच्या नावाची नोंद घातली. त्यावर भाऊसाहेबांशी अर्धा तास घासाघीस झाली. उरलेल्याला हप्ते मागणारा अर्ज दिला, त्यात 'ऐपत नाही' असं सरळ लिहिलं. हे लिहायला मला लाज वाटली. का वाटली ते अजून कळंना. कवितेत मी ह्याहून भयंकर गोष्टी लिहिल्यात. दिवाबत्तीचे 160 भरले नाहीत. दिवा बंद असल्याच्या तारखा अर्जात लिहिल्या, खाली वस्तीतल्या 31 जणांच्या सह्या. चुलतीची सही पहिली, मोठ्या अक्षरात.

आणि दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. 2021 पासून गावातले सगळे थकबाकीदार, कुणाची बाकी किती, कुणाला बिल कुठल्या तारखेला बजावलं, पोच कुणाची. आणि पंधरा टक्क्यांचा खर्च, सालवार. भाऊसाहेब अर्ज वाचून बराच वेळ पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "तुमची बाकी तीन हजार आठशे राहिली बरं का, ती बघा आधी." मी म्हणलं, "आठशे ऐंशी. पूर्ण सांगा, साहेब. दंड वेगळा."

अर्जाची पोच चुलतभावानंच मारली. शिक्का मारताना त्यानं मान वर केली नाही, पण शिक्का दोनदा मारला, स्पष्ट उठावा म्हणून.

तीस दिवस येत्या गुरुवारी भरतात. त्या आठवड्यात माझी रातपाळी आहे, बदली मिळाली नाही. आई आणि चुलती जाणार आहेत. गायरानातला मित्र संगं जातो म्हणाला. त्याला तिथं नोंदीचा स्वतःचा अर्जपण द्यायचाय.